इमा सुमाक : सप्तकं मोजून झाली, आता गाण्याबद्दल बोलू या

कोमल_ऋषभ

पेरूच्या इमा सुमाकवर इथे धागा सापडला नाही, म्हणून काढते आहे. तिचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, तिचा गळा चार सप्तकांच्या वर फिरायचा (जाहिरातीत ती पाच झाली). दुसरी, ती शेवटचा इंका सम्राट अताहुआल्पा याच्या वंशातली राजकन्या. बाई गायची कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९२२. खरं नाव सोइला आउगुस्ता एम्पेरात्रिस चावारी देल कास्तियो. घराणं उत्तर पेरूतल्या काहामार्का भागातलं. १९४२ मध्ये संगीतकार मोइसेस विवान्कोशी लग्न झालं आणि त्याच्याच लोककला पथकातून ती गाऊ लागली. १९४३ मध्ये आर्जेंटिनात ओडिऑन कंपनीसाठी पेरूची लोकगीतं ध्वनिमुद्रित केली. १९४६ मध्ये दोघं न्यूयॉर्कला गेली. तिथे इमा, तिची चुलतबहीण चोलिता रिव्हेरो आणि गिटारवर विवान्को अशा तिघांनी 'इंका ताकी त्रिओ' नावाने मिळेल तिथे गाऊन दिवस काढले. मग कॅपिटॉल रेकॉर्ड्सशी करार झाला, १९५० मध्ये लेस बॅक्स्टरच्या ऑर्केस्ट्रासह 'व्हॉइस ऑफ द श्ताबाय' ही दहा इंची तबकडी आली आणि बाई एकदम जगभर गाजली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधल्या हॉलिवूड बोल या प्रसिद्ध खुल्या प्रेक्षागृहाच्या मंचावर ती उभी होती.

आता माझा मुद्दा. १९४३ ची गाणी आणि १९५० ची तबकडी पाठोपाठ ऐका. १९४३ मध्ये मागे विवान्कोचं लोकवाद्यांचं पथक आहे आणि तिचा आवाज त्या पथकातलाच एक होऊन गातो. उंच जागा तेव्हाही आहेत, पण त्या गाण्याच्या ओघात येतात आणि जातात. १९५० मध्ये व्हायोलिनं, ढोल, कोरस बाजूला सरतात आणि मध्यभागी आवाज एकटा उभा केला जातो, 'बघा, आता हा कुठवर जातो' अशा थाटात. मला दोन्ही आवडतात. तरी वाटतं, की राजकन्या आणि चार सप्तकं या दोन पाट्यांमागे एक फार मोठी गायिका झाकली गेली. तुम्हाला काय वाटतं?

मुसाफिर_रात्रीचा

नाव पहिल्यांदाच ऐकतोय. सुरुवात कुठून करू? एकच गाणं सांगा.

पेटीमास्तर

मुसाफिर, 'चुंचो' ऐका. १९५३ च्या 'इंका ताकी' या तबकडीत आहे. शब्द जवळजवळ नाहीतच, आख्खं जंगल आहे.

ऋषभताई, धागा उत्तम. पण सप्तकांचा मुद्दा असा वाऱ्यावर सोडू नका, तो नीट समजून घेतला तरच बाईचं मोठेपण कळतं. आपल्याकडे ख्याल गाणारा चांगला तयारीचा गवई मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत फिरला तरी आपण वाहवा करतो. ती झाली दोन सप्तकं. नेहमीची पेटी तीन ते साडेतीन सप्तकांची. या बाईंना मी पेटीवर साथ करायला बसलो, तर डावीकडच्या अगदी पहिल्या पट्टीपासून निघून उजवीकडची शेवटची पट्टी दाबून झाली तरी त्यांचं वर जाणं चालूच राहील आणि मला भाता सोडून नुसतं ऐकत बसावं लागेल.

तिच्या आवाजात मला चार मजले ऐकू येतात. तळाला छातीतून येणारा, पुरुषाचा वाटावा असा जाड स्वर. त्यावर भरदार मधला आवाज, तिचा सगळ्यात सुंदर. त्यावर ऑपेरातला सोप्रानो. आणि सगळ्यात वर शिट्टीसारखा बारीक, धारदार स्वर. मोत्सार्टच्या ऑपेरात रात्रीच्या राणीला जो वरचा एफ गावा लागतो आणि ज्याच्या धास्तीने भल्याभल्या गायिकांची झोप उडते, त्याच्याही वर हिचा हा मजला सुरू राहतो.

उंच किंकाळी मारणारे पुष्कळ असतात. हिची कमाल जिन्यावर आहे. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना आवाजाचा पोत बदलतो तो सांधा लपवायला गायक आयुष्य घालवतात. ही हवा तिथे लपवते आणि हवा तिथे मुद्दाम उघडा ठेवते. 'चुंचो'मध्ये तळातल्या गुरगुरण्यातून ती ज्या सहजतेने पाखराच्या किलबिलाटात शिरते, ते ऐकताना तो सांधा आता आपण ऐकतोय, आता नाही, असं दोन्ही होतं. तेव्हा सप्तकं मोजा, जरूर मोजा, फक्त मोजून थांबू नका.

डॉ_कंठस्थ

मास्तर, कान-नाक-घसावाला म्हणून थोडी भर घालतो. सर्वांत वरचा मजला, ज्याला व्हिसल रजिस्टर म्हणतात, तिथे स्वरतंतू कमालीचे ताणलेले असतात आणि त्यांची पूर्ण लांबी कंप पावत नाही, थोडाच भाग कंप पावतो. दुर्बिणीने ते पाहणंही कठीण, कारण इतक्या उंच स्वरात घशाची रचनाच अशी आवळली जाते की वरून स्वरतंतू दिसेनासे होतात. लहान मुलं किंचाळताना बरेचदा याच मजल्यावर असतात, म्हणजे सोय बहुतेकांत असते. मोठेपणी त्या ठिकाणी सुरात उभं राहणं, तिथे ताना घेणं आणि पुन्हा छातीच्या आवाजात सुखरूप उतरणं ही दुर्मीळ गोष्ट. आणि बाईंचं रीतसर शिक्षण नव्हतं. लहानपणी डोंगरात पक्ष्यांची नक्कल करत शिकले, असं त्या सांगत.

सांजसावली

पक्ष्यांकडून शिकले हेही जाहिरातीचाच भाग असेल ना पण?

डॉ_कंठस्थ

असेलही. पण 'चुंचो' ऐकल्यावर मला ते खरं मानायला आवडतं.

तिसरी_घंटा

ऋषभ, तुझ्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. नाटकवाली म्हणून बोलते. पाटीमागे गायिका झाकली गेली, असं म्हणताना आपण असं धरून चालतो की पाटी दुसऱ्या कुणीतरी लावली आणि बिचारी बाई तिच्यामागे उभी राहिली. तिचे मंचावरचे फोटो बघ. ते जड दागिने, त्या पायघोळ वेशातलं चालणं, हातांच्या मुद्रा. यातलं काहीही अंगावर लादलेलं दिसत नाही. ती भूमिका तिने आयुष्यभर निभावली, मुलाखतीतसुद्धा वेश उतरवला नाही. आपल्या संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांचा शालू आणि त्यांचं गाणं तुम्ही वेगळं काढून दाखवू शकता का? वेशही गाण्याचाच भाग असतो.

१९५१ मध्ये तिने ब्रॉडवेवर 'फ्लाहूली' या संगीतिकेत राजकन्या नज्लाची भूमिका केली. नाटक चाळीस प्रयोगांतच आटोपलं, पण तिच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण राहिलं आहे. १९५४ मध्ये 'सीक्रेट ऑफ द इंकाज' या चित्रपटात चार्ल्टन हेस्टनबरोबर काम केलं. त्यातला हेस्टनचा चामडी कोट आणि टोपी पाहिली की इंडियाना जोन्स कुठून आला ते कळतं. कथा साधारण आहे, पण ती गायला उभी राहिली की पडद्यावर बाकी कुणी आहे हे विसरायला होतं.

कोमल_ऋषभ

घंटाताई, बालगंधर्वांचा दाखला पटला. पण एक फरक आहे. गंधर्वांचे प्रेक्षक शालूही ओळखत होते आणि पदही. अमेरिकेतल्या १९५० च्या श्रोत्याला पेरूचं काहीच माहीत नव्हतं. त्यामुळे कंपनीने काहीही सांगितलं तरी खपलं. 'श्ताबाय' हे नावच बघा. श्ताबाय ही मेक्सिकोच्या युकातानमधली, माया लोकांच्या दंतकथेतली, पुरुषांना भुलवून नेणारी बाई. इंकांचा आणि तिचा काही संबंध नाही, मधे हजारो किलोमीटर आहेत. तरी पेरूच्या गायिकेच्या पहिल्याच अमेरिकन तबकडीवर तिचं नाव. याचा मला राग येतो.

बार्देशकर

राग सोडा नि 'माम्बो!' ऐका!

१९५४ ची तबकडी, माम्बो या क्युबन नाचाच्या ठेक्यावरची. बिली मे या ट्रम्पेटवाल्याने बँड सजवलाय आणि बाईने त्या बँडशी अशी काय मस्ती केलीय की बस. 'चिकन टॉक' नावाच्या गाण्यात ती चक्क कोंबडीसारखी कुकारते, तेही अचूक तालात. 'गोफर', 'बो माम्बो', 'गूंबा बूंबा', सगळी एका दमात ऐकावी अशी. 'बो माम्बो'चा तुकडा पुढे ब्लॅक आईड पीज या अमेरिकन हिप-हॉप बँडने २००३ मध्ये वापरला, म्हणजे नव्या पोरांनी तिला नकळत ऐकलेलं आहे.

अवांतर: आमच्या गोव्याचे वाजवणारे हे असलं संगीत कोळून प्यालेले होते. त्याच दशकात मुंबईच्या स्टुडिओंमधून चिक चॉकलेटसारखे गोंयकार ट्रम्पेटवाले आणि पुणतांब्याचे सी. रामचंद्र लॅटिन ठेके हिंदी गाण्यांत उतरवत होते. बोंगो आणि माराकस तेव्हा सगळ्या जगालाच लागलेले होते. इमा सुमाकचा माम्बो त्या लाटेतला आहे, पण लाटेत वाहून गेलेला नाही. बँड तिच्या मागे धावतो, ती बँडच्या मागे नाही.

मुसाफिर_रात्रीचा

'चुंचो' ऐकलं. दोनदा. हेडफोन काढून बघितलं की खिडकीबाहेर काही आहे का. हे सगळे आवाज एकाच बाईचे आहेत? यंत्राची करामत नाही?

पेटीमास्तर

एकाच बाईचे. आणि मंचावरही ती हे गायची. १९६० च्या अखेरीपासून तिने सोव्हिएत संघाचा दौरा केला, मुळात ठरलेली मुदत वाढत वाढत सहा महिन्यांवर गेली. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, बुखारेस्टला तिच्या मैफलीची तबकडी निघाली, 'रेसिताल' नावाची. प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा, प्रत्यक्ष श्रोते. ज्यांना शंका असेल त्यांनी ती ऐकावी. माझ्या मते तिचा आवाज सगळ्यात पिकलेला तिथे आहे. वय चाळिशीच्या आसपास, खालचे स्वर आणखी गडद झालेले.

लिमाची_लेक

धागा उशिरा दिसला. नोकरीनिमित्त गेली काही वर्षं लिमात राहते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

ऋषभ म्हणते तो राग मला कळतो, पण राजकन्येची सगळी कल्पना हॉलिवूडने शिजवली असं धरलं तर पेरूचा आधीचा वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास पुसला जातो. इंका वेशात, इंका सुरावटींवर मंचीय कार्यक्रम करायची टूम खुद्द पेरूतच निघाली होती. १९२३ मध्ये लुइस वाल्कार्सेल यांच्या पुढाकाराने कुस्कोहून 'इंका कलेचं पेरू पथक' बोलिव्हिया, आर्जेंटिना, उरुग्वे असं फिरून आलं. लिमाजवळ आमान्काएसच्या टेकड्यांवर जूनमध्ये जत्रा भरायची. १९२७ पासून तिथे डोंगरातल्या कलावंतांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि शहरी लोक त्या बघायला लोटू लागले. त्याच काळात लिमातले शहरी संगीतकार पियानोवर 'फॉक्स इंकाइको' नावाचा प्रकार लिहीत होते, म्हणजे फॉक्सट्रॉट या पाश्चात्त्य नाचाचा ठेका आणि त्यावर डोंगरी पाच सुरांची चाल. होर्हे ब्राव्हो दे रुएदा यांचं 'व्हिर्हेनेस देल सोल' हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. इमा सुमाकने ते गायलंय आणि आजही इथे कुठल्याही शाळेच्या संमेलनात ते वाजतं.

म्हणजे विवान्को आणि इमा न्यूयॉर्कच्या बोटीत बसले तेव्हा इंका राजकन्येचा वेश त्यांच्या पेटाऱ्यात होताच. कॅपिटॉलने त्यावर जरी चढवली. आणि अताहुआल्पाच्या वंशाबद्दल म्हणाल तर १९४६ मध्ये पेरू सरकारनेच तिच्या दाव्याला अधिकृत पाठिंबा दिला होता. अताहुआल्पाला स्पॅनिश आक्रमक पिझारोने १५३३ मध्ये मारलं ते काहामार्कालाच, तिच्या घराण्याच्या भागात. त्या भागात ही आठवण पुस्तकातली नाही, घराघरातली आहे.

पण विरोधही पेरूतूनच झाला आणि तो फार मोठ्या माणसाने केला. होसे मारिआ आर्गेदास, लेखक आणि मानववंशशास्त्रज्ञ. लहानपणी घरच्या केचुआ (डोंगरातली मूळची भाषा) बोलणाऱ्या नोकरचाकरांमध्ये वाढलेला, ती भाषा आणि ती गाणी अंगात भिनलेला माणूस. त्याने १९४४ मध्येच, म्हणजे हॉलिवूडचा वाराही लागायच्या आधी, लिमाच्या 'ला प्रेन्सा' वृत्तपत्रात तिच्यावर टीका केली. त्याचं म्हणणं, ही डोंगरातली गाणी नव्हेत, हे त्यांचं विकृत रूप आहे. गावातली बाई हुआइनो (डोंगरातलं लोकगीत) गाते तेव्हा तिच्या आवाजात जे दुःख आणि जो ताठा असतो, तो या कसरतीत उरत नाही. पुढे खऱ्या हुआइनो गायकांच्या तबकड्या निघाव्यात म्हणून त्याने स्वतः खटपट केली, आणि १९५०-६० च्या दशकांत 'पिकाफ्लोर दे लोस आन्देस'सारखे गायक लिमात आलेल्या डोंगरी मजुरांचे लाडके झाले.

ऋषभ, म्हणून तू ज्या १९४३ च्या गाण्यांना खरं मानतेस, आर्गेदासचा वार नेमका त्याच काळातल्या गाण्यावर आहे. हे मला धाग्यात यायला हवं असं वाटलं.

तिसरी_घंटा

लेक, काय प्रतिसाद आहे! उभं राहून टाळ्या.

कोमल_ऋषभ

लिमाची_लेक, मनापासून आभार. आर्गेदासबद्दल वाचलं होतं, पण फॉक्स इंकाइको आणि त्या जत्रेच्या स्पर्धा मला नवीन आहेत. तरीही मी माझ्या मतावर आहे. आर्गेदासचं म्हणणं लोकगीत म्हणून बरोबर असेल. मी तिला लोकगायिका म्हणतच नाही. ती मंचावरची गायिका आहे आणि मंचावरच्या गायिकेत १९४३ ची इमा मला जास्त गाण्यात आणि कमी प्रदर्शनात दिसते, एवढंच.

देवासचा_रस्ता

इथे मला कुमार गंधर्व आठवतात. आजारपणानंतर देवासला राहून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, त्यांतल्या सुरावटींतून धुनउगम राग बांधले. माळव्यातल्या बाईचं गाणं आणि कुमारांचं गाणं एक नाही, पण कुणी त्याला विकृत म्हणत नाही. मग इमालाच का?

लिमाची_लेक

कारण कुमारांनी 'हे माळव्याच्या राजघराण्याचं हजारो वर्षांचं गुप्त संगीत आहे' असं सांगून तिकिटं विकली नाहीत. आणि माळव्याच्या लोकगीतांना त्यांच्यापलीकडेही जिवंत आयुष्य होतं. १९४४ मध्ये लिमात डोंगरातल्या माणसाला शहरी लोक हिणवत होते आणि त्याच शहरात त्याच्या गाण्याची वेशभूषा करून मैफली भरत होत्या. आर्गेदासची तळमळ तिथून येते.

बार्देशकर

धागा देवासला नका नेऊ, लिमाला परत आणा! :)

आजीचा_रेडिओ

गंभीर चर्चेत एक गंमत. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत अफवा उठली होती की ही पेरूची वगैरे काही नाही, ब्रुकलिनमधली एक साधी गृहिणी आहे, नाव 'एमी कामस', आणि तेच नाव रोमन अक्षरांत उलटं लिहून 'इमा सुमाक' केलंय! अक्षरं जुळवून बघा, खरंच जुळतात. लोकांना राजकन्या पटेना पण ब्रुकलिनची गृहिणी चार सप्तकं गाते हे पटलं, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

मुसाफिर_रात्रीचा

कागदावर लिहून बघितलं. जुळतात. आमच्या ऑफिसात आता सगळे आपापली नावं उलटी करत बसलेत.

सांजसावली

मला 'मिरॅकल्स' आवडते असं म्हणायला आले आहे. १९७२ च्या सुमाराची रॉक तबकडी, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स, पुन्हा लेस बॅक्स्टर. इमाची पन्नाशी. बरेच जण तिला चूक म्हणतात. मला त्यात एक बाई दिसते जी इंकाचा मुकुट उतरवून ठेवून नुसता आवाज घेऊन बँडसमोर उभी आहे. ऋषभला जी पाटीशिवायची इमा हवी ती कदाचित तिथे सापडेल.

पेटीमास्तर

सांजसावली, इथे मात्र आपलं जमणार नाही. गिटार तिच्या जागा खाऊन टाकते. तिच्या गाण्याला मोकळी जागा लागते, ती तिथे नाही.

सांजसावली

तुमची पेटी तेवढी गिटारपेक्षा मोकळी, मास्तर! :)

पॅसिफिकचा_वारा

लॉस एंजेलिसमध्ये राहतो, म्हणून शेवटच्या काळाबद्दल लिहितो. १९५५ मध्येच ती अमेरिकन नागरिक झाली होती. विवान्कोशी १९५७ मध्ये फारकत, मग पुन्हा लग्न, मग १९६५ मध्ये कायमची फारकत. सत्तरीच्या दशकात ती पेरूला परतली, मधूनमधून अमेरिकेत मैफली करत राहिली. १९८८ मध्ये डिस्नेच्या जुन्या गाण्यांच्या एका संग्रहात तिने 'स्लीपिंग ब्यूटी'मधलं एक गाणं गायलं. आवाज थकलाय, पण गाण्यावरची पकड सुटलेली नाही. ते ऐकून मला भरून आलं, कारण तिथे सप्तकं नाहीतच आणि तरी ती तीच आहे.

२००६ मध्ये पेरू सरकारने तिला 'ओर्देन देल सोल' हा त्यांचा मोठा सन्मान दिला, ती तो घ्यायला लिमाला गेली होती. १ नोव्हेंबर २००८ ला इथेच लॉस एंजेलिसमध्ये गेली. हॉलिवूड फॉरेव्हर या दफनभूमीत तिची जागा आहे. मी गेलो होतो. आजूबाजूला सिनेमाचे बडे बडे लोक, पण तिच्याकडे ताजी फुलं होती आणि पेरूचा छोटा लाल-पांढरा झेंडा होता. एक वयस्कर जोडपं तिथे उभं होतं, लिमाहून मुलीकडे आलेलं. त्या आजींनी मला विचारलं, तुम्ही भारतातले, तुम्हाला ही कशी माहीत? मी म्हणालो, 'बिग लेबोव्स्की' सिनेमात तिचं 'आतायपुरा' वाजतं, तिथून शोधत आलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडेही पोरांना ती तिकडूनच कळते.

लिमाची_लेक

हे इथेही खरं आहे. १३ सप्टेंबर २०१६ ला तिच्या वाढदिवसाला गूगलने चित्र लावलं तेव्हा माझ्या इथल्या सहकाऱ्यांपैकी तरुणांनी पहिल्यांदा तिला नीट ऐकलं. वयस्करांचं मात्र दोन टोकांचं मत असतं. माझ्या घरमालकीण काकू म्हणतात ती आमची मोठी गायिका, जग तिच्या पायाशी आलं. शेजारचे शिक्षक, डोंगरातल्या अयाकुचोचे, आर्गेदास वाचून वाढलेले, म्हणतात ती आमची नाहीच. दोघं याच विषयावर जिन्यात उभं राहून तासभर भांडतात आणि मग एकत्र चहा पितात. मला आता दोघांचंही पटतं. तिच्या गाण्यात डोंगर किती होता यावर वाद राहील, पण पेरूचं नाव ऐकून कान टवकारायची सवय परदेशी श्रोत्यांना लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत ती होती, हे शिक्षकही नाकारत नाहीत.

तिसरी_घंटा

मूळ प्रश्नाकडे येते. पाटीने गायिका झाकली का? हा धागा वाचून माझं मत आणखी पक्कं झालंय. आपण इतके जण तिच्या गाण्यावर इतकं बोलतोय, मास्तर जिन्याबद्दल, बार्देशकर कोंबडीबद्दल, पॅसिफिकचा_वारा यांनी तिच्या थकलेल्या आवाजाबद्दल लिहिलं. झाकली असती तर हे ऐकू आलं असतं का?

कोमल_ऋषभ

ताई, ऐकू आलं कारण आपण सत्तर वर्षांनंतर, जाहिरात विझल्यावर ऐकतोय. तेव्हाच्या श्रोत्याच्या कानात ती जाहिरात होती. तबकडीच्या मागे छापलेला मजकूर सप्तकं आणि सूर्यकन्यांनी भरलेला असे. मी तेवढंच म्हणते आहे, की तिच्या गाण्याचं गाणं म्हणून मोल करायला सुरुवात उशिरा झाली, आणि ती पेरूतही अजून पुरी झालेली नाही. १९५९ ची 'फुएगो देल आन्दे' बघा ना. त्यात ती 'ला फ्लोर दे ला कानेला' गाते, पेरूच्या गीतकार-गायिका चाबुका ग्रांदाचं, अगदी साधं लिमाचं गाणं. कसरत नाही, जंगल नाही, पाखरं नाहीत. गिटार आणि तो मधला भरदार मजला. त्या तबकडीबद्दल कुणी बोलतच नाही, कारण तिथे मोजायला काही नाही.

पेटीमास्तर

'फुएगो देल आन्दे'ला शंभर टक्के अनुमोदन. तो मधला मजला म्हणजे जीव आहे तिच्या गळ्याचा. सगळ्या जगाने वरचा मजला पाहायला गर्दी केली आणि बाई राहायची मधल्या मजल्यावर.

मुसाफिर_रात्रीचा

मंडळी, मग माझी यादी अशी करू का? 'चुंचो' झालं. आता १९४३ ची ओडिऑनची गाणी, मग 'फुएगो देल आन्दे', मग 'माम्बो!', मग बुखारेस्ट. 'मिरॅकल्स' शेवटी, सांजसावलीसाठी.

सांजसावली

'मिरॅकल्स' आधी! पण चालेल.

लिमाची_लेक

यादीत पिकाफ्लोर दे लोस आन्देसचं एखादं हुआइनो घाला, मधे कुठेतरी. म्हणजे आर्गेदास कशासाठी भांडत होता ते ऐकू येईल.

मुसाफिर_रात्रीचा

घातलं. 'फुएगो देल आन्दे' आणि 'माम्बो!'च्या मधे. ऐकून झालं की इथेच लिहितो.